अग्रशून्यांचे पूर्वानुमान : फ्लोटिंग पॉइंट प्रसामान्यीकरणातील वेगाचे मूल्यमापन

प्रस्तावना :
फ्लोटिंग पॉइंट अंकगणितात संख्या मॅन्टिसा व घातांक अशा दोन भागांत साठविली जाते. मॅन्टिसाचा पहिला अंक १ राहील अशी उत्तराची मांडणी करणे म्हणजे प्रसामान्यीकरण, अर्थात नॉर्मलायझेशन होय. जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत ही क्रिया विशेष वेळखाऊ ठरते. द्विमान पद्धतीत १.०००० मधून ०.११११ वजा केल्यास ०.०००१ उरते, ते चार स्थाने डावीकडे सरकवून घातांक चाराने कमी करावा लागतो. आयईईई ७५४ मानकानुसार (१९८५) डबल प्रिसिजनमधील मॅन्टिसा ५३ बिटांचा असतो.

विवेचन :
पारंपरिक रचनेत वजाबाकी, अग्रशून्यांची मोजणी व सरकवणे या पायऱ्या एकामागून एक पार पडतात. सरकवण्याचे काम ३२, १६, ८, ४, २ व १ अशा सहा टप्प्यांत उरकते. परंतु मोजणी उत्तर हाती आल्याशिवाय सुरूच होत नाही. होकेनेक व मोंटॉय यांनी आयबीएमच्या आरएस/६००० साठी केलेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत मूळ संख्यांच्या बिटांवरूनच, हातच्याची वाट न पाहता, अग्रशून्यांचा अंदाज बांधला जातो. मोजणी अशा रीतीने वजाबाकीला समांतर चालते.

ही कल्पना मौलिक असली तरी तिचा लाभ निर्भेळ नाही. हातचा अज्ञात असल्याने अंदाज एका स्थानाने चुकू शकतो. तो दुरुस्त करण्यासाठी शेवटी आणखी एका स्थानाचे सरकवणे लागते व वाचलेल्या वेळेचा काही अंश तेथे खर्ची पडतो. ब्रुगेरा व लँग यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या रचनेत ही चूकही समांतरपणे शोधली जाते. मात्र त्यासाठी परिपथाचा विस्तार वाढतो. शिवाय घातांक किमान मर्यादेला पोहोचल्यास सरकवणे मध्येच थांबवावे लागते. ही तरतूद वगळून काढलेला वेग अपुरा होय.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या बेरीज-वजाबाकीत मोठे सरकवणे घातांकांतील फरक ० किंवा १ असतानाच्या वजाबाकीतच संभवते. एरवी डावीकडे एक स्थान पुरते. म्हणूनच दोन स्वतंत्र मार्गांच्या रचनेत पूर्वानुमानाची गरज एकाच मार्गावर उरते.

निष्कर्ष :
पूर्वानुमानाने मोजणीचे काम नाहीसे होत नाही, ते केवळ वजाबाकीच्या आड जाते. त्याचे खरे सामर्थ्य अचूकतेत नसून चुकीची मर्यादा आधीच निश्चित असण्यात आहे. त्यामुळे दुरुस्तीचा वेळ व परिपथाचा विस्तार जमेस धरूनच अशा रचनांची तुलना होणे इष्ट ठरते.