अकबर पदमसी यांची ‘लव्हर्स’ : खटला आणि चित्र

नाझी राजवटीतील चित्रकारांच्या छळाचा विषय निघाला की १९३७ च्या म्युनिक येथील ‘अधःपतित कला’ प्रदर्शनाचा दाखला हमखास दिला जातो. एमिल नोल्डे हा स्वतः नाझी पक्षाचा सभासद. तरीही त्याची हजारावर चित्रे संग्रहालयांतून उचलली गेली आणि १९४१ मध्ये त्याच्या व्यावसायिक चित्रनिर्मितीवर बंदी आली. त्याच काळात युरोप सोडून आलेले रूडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर व इमॅन्युएल श्लेसिंजर मुंबईत स्थिरावले आणि १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे पाठीराखे झाले. ज्या मुंबईने त्यांना आसरा दिला, तिथेच १९५४ मध्ये अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला.

पॅरिसहून परतलेल्या या तरुण चित्रकाराचे जहांगीर कलादालनातील ते पहिलेच एकल प्रदर्शन. ‘लव्हर्स’ या नावाच्या दोन चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर आहे, एवढ्यावरून ती काढून घेण्यास पोलिसांनी सांगितले. पदमसींनी नकार दिला. कलम २९२ खालील खटल्यातून ते निर्दोष सुटले. सरकारचे अपीलही उच्च न्यायालयात टिकले नाही.

खटल्याच्या कथेत चित्र मात्र हरवते. असोदा-जळगावच्या वाचकापर्यंत ही चित्रे बहुधा छापील प्रतिमांतूनच पोचतात. तरीही जाड बाह्यरेषांनी बांधलेल्या, कोरून काढल्यासारख्या ताठ आकृती त्यांतही जाणवतात. चेहऱ्यांवर लालसेचा लवलेश नाही. रूओची रेषा आणि उमामहेश्वराची युगुलमूर्ती यांचा मेळ येथे दिसतो. अशा चित्रांच्या समर्थनार्थ मंदिरशिल्पांची परंपरा पुढे केली जाते. हा बचाव यशस्वी ठरत असला तरी प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. परंपरेचा दाखला नसलेल्या चित्राने मग कोठे जावे? सूझांच्या विखारी, भंगलेल्या नग्नाकृतींच्या मदतीला खजुराहो येत नाही.

जर्मनीशी तुलना फार ताणूही नये. तेथे शासनच समीक्षक झाले होते. येथे पोलीस समीक्षक झाले, पण न्यायालयाचे दार उघडे होते. ते पुन्हा ठोठवावे लागले. जुलै २०२४ च्या आदेशाने सीमाशुल्क विभागाने पदमसी व सूझा यांच्याच सात कलाकृती अश्लील ठरवून जप्त केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या सातांतील सूझांच्या एका रेखाटनाचे नावही ‘लव्हर्स’च होते.