शिधा ज्याचा त्याने आणावा

गणपतीच्या सुटीत माझी मुलगी घरी आली ती एक कागद आणि एक चित्रपट घेऊन. कागद परवानगीचा होता. तिच्या विद्यापीठाचा युरोपातल्या एका विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा करार आहे. एक सत्र हिने तिकडे शिकायचे आणि तिकडच्या कुणीतरी इकडे. "आई, आधी हा चित्रपट पाहा आणि मग सही कर," असे म्हणून तिने संगणक माझ्यापुढे मांडला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. बालवर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कॉलेजची पायरी चढले ती मुलीच्या प्रवेशाच्या रांगेत उभी राहण्यापुरती. शिवाय परदेशी शिकायला जाणे म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे अजून आनंदीबाई जोशी उभ्या राहतात. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. तिकडे जायचे ते आयुष्य पणाला लावून, ही आमची समजूत. सहा महिन्यांसाठी जाऊन यायचे म्हणजे काय, ते मला खरोखरच कळत नव्हते.

चित्रपट फ्रेंच आहे. सेद्रिक क्लापिश यांनी तो २००२ साली काढला. त्याचे नाव 'लोबेर्ज एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश खानावळ. फ्रेंच भाषेत हा एक वाक्प्रचारच आहे: आपण बरोबर नेऊ तेवढेच जिथे खायला मिळते असे ठिकाण. मला आपली धर्मशाळा आठवली. ओसरी देवस्थानची, चूल तीन दगडांची आणि शिधा ज्याचा त्याने आणायचा.

पॅरिसचा झाव्हिए अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वडिलांच्या ओळखीचे एक बडे गृहस्थ त्याला सांगतात की, स्पॅनिश शिकून ये, सरकारी खात्यात तुझी सोय होईल. म्हणून तो 'इरास्मुस' योजनेतून वर्षभरासाठी बार्सिलोनाला जातो. ही योजना १९८७ साली सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून शिकायला गेले. नाव दिले ते पॅरिस, केंब्रिज, लूव्हाँ, बाझेल अशी विद्येची गावे पालथी घातलेल्या इरास्मुस या पंडिताचे. त्या बिचाऱ्याला एवढे अर्ज भरावे लागले नसतील! झाव्हिएची एका कचेरीतून दुसरीत होणारी वणवण क्लापिश यांनी अशा झपाट्याने दाखवली आहे की, दाखल्यासाठी तहसीलकचेरीत चपला झिजवलेल्या कुणालाही हसू यावे.

खरा चित्रपट सुरू होतो तो बिऱ्हाडात. इंग्लंडची वेंडी, जर्मनीचा तोबियास, डेन्मार्कचा लार्स, इटलीचा आलेसान्द्रो, स्पेनचीच सोलेदाद आणि झाव्हिए अशी सहा माणसे एका जागेत राहतात. मालक भाडे वाढवतो, तशी बेल्जियमची इझाबेल सातवी येते. दूरध्वनी एकच. त्याच्याजवळ भिंतीवर एक कागद डकवलेला: कुणाच्या घरून फोन आला तर 'तो बाहेर गेला आहे', 'संध्याकाळी येईल' हे त्या त्या भाषेत कसे सांगायचे. झाव्हिएच्या आईचा फोन वेंडी घेते तो प्रसंग बहारीचा आहे. आई एक साधा फ्रेंच शब्द उच्चारते, त्याचा अर्थ कॉलेज. पण इंग्रजी कानाला तो भलताच लागतो आणि वेंडीची तारांबळ उडते. आम्ही दोघी मायलेकी पोट धरून हसलो. मग माझ्या लक्षात आले की, मुलगा परदेशी असेपर्यंत या कथेत आईला जागा आहे ती तारेच्या दुसऱ्या टोकाला. मीही आता त्याच टोकाला जाऊन बसणार.

शिक्षिका म्हणून माझी तक्रार अशी की, या चित्रपटात कुणी अभ्यास करताना फारसे दिसत नाही. वर्गाचा एकच प्रसंग ध्यानात राहतो, पण तो मोलाचा आहे. प्राध्यापक कॅटलन भाषेत शिकवतात. इझाबेल उठून विनंती करते की, आम्हा पाहुण्यांना ही भाषा येत नाही, स्पॅनिशमध्ये शिकवा. प्राध्यापक शांतपणे नकार देतात. फ्रँकोच्या राजवटीत, १९७५ पर्यंत, या भाषेला शाळेत आणि कचेरीत थारा नव्हता हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या नकाराचे वजन कळेल. आणि बेळगाव-कारवारकडच्या वाचकाला तर काही समजावून सांगायलाच नको. गंमत म्हणजे तक्रार करते ती बेल्जियमची मुलगी, जिच्या स्वतःच्या देशात फ्रेंच आणि फ्लेमिश भाषिकांचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पुढे या विषयावर ही मुले वाद घालतात आणि निकाल लागत नाही. लेखकाने तो लावला नाही, हे त्याचे शहाणपण.

तेच शहाणपण आन-सोफीच्या बाबतीत मात्र कुठे गेले? ही एका फ्रेंच डॉक्टरची तरुण पत्नी. नवऱ्याच्या नोकरीपायी या शहरात आलेली, ओळख ना देख, बाहेर पडायला बिचकणारी. झाव्हिए तिला शहर दाखवतो, आणि मग जे व्हायला नको ते होते. मला त्यातली नीती-अनीती तपासायची नाही. माझे म्हणणे कारागिरीबद्दल आहे. या साऱ्या गोतावळ्यात खरी परदेशी पडलेली व्यक्ती कोण असेल तर ही. हिला ना शिष्यवृत्ती, ना सोबत, ना परतीची तारीख. एवढे पात्र हाताशी आले असताना क्लापिश तिला तरुण नायकाच्या शिक्षणातला एक धडा करून सोडून देतात. मी ही कथा लिहिली असती तर तिच्या बंद खिडकीपासून सुरुवात केली असती.

पण एका प्रसंगासाठी मी त्यांना बरेच माफ करते. वेंडीचा लंडनचा मित्र न कळवता येऊन थडकतो आणि नेमकी त्याच वेळी ती दुसऱ्याच कुणाच्या सहवासात असते. बातमी लागताच अवघे बिऱ्हाड आपापली कामे टाकून शहराच्या कानाकोपऱ्यांतून धावत सुटते, तिची अब्रू झाकायला. आणि ती झाकतो कोण? तिचा भाऊ विल्यम, जो आल्यापासून प्रत्येकाच्या देशाची टिंगल करून सर्वांना नकोसा झालेला आहे. तो स्वतःच्या अंगावर भलताच संशय ओढवून घेतो आणि बहिणीला सोडवतो. सात जणांचे घर झाले आहे हे इथे कुणी बोलून दाखवत नाही. सगळे धापा टाकत असतात, तेवढ्यावर ते कळते.

म्हणूनच शेवट मला खटकला. झाव्हिए परत येतो, नोकरी मिळते आणि पहिल्याच दिवशी तो कचेरीतून पळ काढून लेखक व्हायला निघतो. इथवर ठीक, आमच्या धंद्यात आणखी एक भर! पण मग तो सांगू लागतो की, आपण एक नसून अनेक आहोत, त्या साऱ्या मित्रांचे मिळून झालो आहोत. भिंतीवरच्या कागदाने जे आधीच सांगितले ते पुन्हा तोंडाने कशाला?

तो कागद माझ्या मनातून जात नाही. मुलीला म्हटले, "तुमच्या त्या खोल्यांमध्ये असा फोन असेल का गं?" ती हसली. "आई, फोन आता ज्याच्या त्याच्या खिशात असतो." खरेच की. म्हणजे हिच्या सोबतिणीचा आवाज माझ्या कानी पडायचा नाही आणि 'ती बाहेर गेली आहे' हे मराठीत म्हणायला कुणी परकी पोरगी अडखळायची नाही. २००२ सालच्या त्या मुलांकडे पैसा कमी होता, फोन एक होता, त्यामुळे एकमेकांच्या आईशी बोलणे त्यांना भागच होते. हिच्या वाट्याला ही अडचण येणार नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.

सही केली. मग विचारले, "धर्मशाळेत निघालीस, शिधा काय नेणार?"

"भाजणी," ती म्हणाली.

"थालीपीठ लावता येते?"

ती गप्प. दिवाळीच्या सुटीत शिकवायचे ठरले आहे.