अश्वत्थाम्याची जखम आणि चित्रकथेतील खलनायक

शिंदखेड्यातील एका घरी आम्ही भेटीस गेलो होतो. घरातील कर्ता पुरुष दोन वर्षांपूर्वी वारला होता. आई म्हणाली, "फादर, ह्याला जरा समजवा. महाभारताची चित्रांची पुस्तके वाचतो आणि सारखी त्या अश्वत्थाम्याचीच बाजू घेतो." अकरा-बारा वर्षांचा तो मुलगा आमच्याकडे टक लावून पाहत होता. आम्ही सहज बोलून गेलो, "झोपलेल्या मुलांना ज्याने मारले, त्याची कसली बाजू घ्यायची, बाळ?" मुलाने पुस्तक मिटले आणि तो आत निघून गेला. आमचे उत्तर खोटे नव्हते, परंतु ते अपुरे होते, हे आम्हांला परतीच्या वाटेवर जाणवले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

अश्वत्थामा खानदेशाला परका नाही. शिंदखेड्याहून उत्तरेस तापी ओलांडून गेले की सातपुड्याच्या रांगा लागतात. त्या रांगांत, अक्राणी तालुक्यात, अस्तंब्याचा डोंगर आहे. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे. दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी भाविक हे शिखर चढून जातात. अश्वत्थामा तेथे आजही वावरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी लोकश्रद्धा आहे. 'भळभळती जखम' म्हटले की मराठी माणसाला प्रथम तोच आठवतो. महाभारताने ज्याला शाप देऊन रानात हाकलले, त्याच्या भेटीला ही डोंगरातली माणसे पायपीट करीत जातात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आमच्या त्या बालवाचकाला अश्वत्थामा भेटला तो मात्र 'अमर चित्र कथे'त. 1967 साली अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईत सुरू झालेल्या या मालेने भारतातील दोन-तीन पिढ्यांना पुराणे आणि इतिहास चित्रांतून सांगितला. 1980च्या दशकात तिने संपूर्ण महाभारत 42 भागांत काढले. त्याची चित्रे मुख्यतः दिलीप कदम या मराठी चित्रकाराची. खंडशः प्रकाशनाचा एक परिणाम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. अश्वत्थाम्याचे बालपण कथेच्या आरंभी येते आणि त्याचे दुष्कृत्य अखेरीस. ज्याच्या हाती केवळ शेवटचे भाग पडतात, त्याला नुसता राक्षस दिसतो. ज्याने सगळे भाग जपून ठेवले आहेत, तो मागची पाने उलटून पाहू शकतो. आमच्या मुलाने नेमके तेच केले होते.

मागच्या पानांत काय आहे? आदिपर्वात द्रोण स्वतःच सांगतो : घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. इतर मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले. आपण दूध प्यालो या आनंदाने तो नाचू लागला, आणि ती मुले त्याला हसली. या दृश्याने द्रोण व्यथित झाला, जुना मित्र म्हणून द्रुपदाच्या दारी गेला आणि तेथून अपमानित होऊन परतला. पुढचे सारे वैर त्या अपमानातून वाढले. शेवटी रणांगणावर अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून, धर्मराजाच्या तोंडी अर्धसत्य घालून द्रोणाला शस्त्र खाली ठेवायला लावले गेले, आणि धृष्टद्युम्नाने त्याचा शिरच्छेद केला. पित्याच्या वधासाठी पुत्राचेच नाव वापरले गेले. ज्याच्या वाट्याला असे दुःख आले, त्याच्याविषयी पितृहीन मुलाला माया वाटली, यात नवल ते काय?

परंतु कथा येथे थांबत नाही. वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारते आहे, हे पाहून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते. तो रात्री छावणीत शिरतो. धृष्टद्युम्नाला मारून तो थांबत नाही. द्रौपदीच्या पाच निरपराध पुत्रांचाही वध करतो आणि शेवटी उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. लहानपणी ज्याच्या दुधाची थट्टा झाली, तोच आता मुलांचा वैरी होतो. त्याची जखम आपल्याला समजते. परंतु तिने त्याला डोळस केले नाही, आंधळे केले, हेही दिसते. चांगली चित्रकथा या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दाखवते. वाईट चित्रकथा एक पुसून दुसरी ठेवते.

परदेशी चित्रकथांनीही हा मार्ग उशिराच धरला. 'एक्स-मेन'मधील मॅग्नेटो 1963 साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केला, तेव्हा तो निव्वळ दुष्ट होता. 1981 साली लेखक ख्रिस क्लेअरमॉण्ट यांनी त्याला ऑशविट्झच्या छळछावणीतले बालपण दिले. त्याच अंकात लढता लढता तो एका कोवळ्या वयाच्या ज्यू मुलीवर घाव घालतो आणि ती मेली असे समजून हादरतो. ज्यांनी आपले बालपण जाळले, त्यांच्यासारखेच आपण झालो, हे त्याला उमगते. भूतकाळ खलनायकाला कशासाठी द्यावा, याचे हे उत्तम उदाहरण होय. तो त्याची सुटका करण्यासाठी नाही, त्याला स्वतःचा चेहरा दिसावा यासाठी आहे.

ऑशविट्झचे नाव निघाले की आम्हां कॅथलिकांना संत मॅक्सिमिलियन कोल्बे आठवतात. एका अनोळखी कैद्याच्या जागी त्यांनी उपासमारीची शिक्षा स्वतःवर घेतली आणि 14 ऑगस्ट 1941 रोजी मरण पत्करले. तथापि 'पहा, ते असे वागले, मग तू का नाही?' असे एखाद्या दुखावलेल्या मुलाला सुनावणे अन्यायाचे होईल. कोल्बे परिपक्व वयाचे धर्मगुरू होते. कथेतला मॅग्नेटो तेथे मूल होता. त्यांच्या उदाहरणाने एवढेच सिद्ध होते की त्या नरकातही निवड उरली होती. 1992 सालच्या धर्मशिक्षेतही भीती, सवय, मानसिक आघात यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे मान्य केले आहे. कमी होणे आणि नाहीशी होणे यांत मात्र फरक आहे. पापनिवेदन ऐकताना आम्हांला हा फरक वारंवार भेटतो.

अश्वत्थाम्याच्या कथेत तो फरक द्रौपदीला कळला होता. भागवतात, अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून तिच्यापुढे आणतो, तेव्हा ती त्याला सोडून द्यायला सांगते. मुले गमावून मी रडते आहे, तशी त्याच्या आईवर रडण्याची पाळी येऊ नये, असे तिला वाटते. तो निर्दोष आहे, असे ती म्हणत नाही. तिची जखम त्याच्या जखमेहून लहान नव्हती. तिने मात्र ती पुढे दुसऱ्याच्या अंगावर दिली नाही. आमच्या मते, संपूर्ण कथेचा न्याय या प्रसंगात आहे.

काही दिवसांनी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. मुलाला ते भाग आणायला सांगितले आणि पिठाच्या पाण्याचा प्रसंग त्याच्यासोबत वाचला. "तुला त्याचे वाईट वाटते ते बरोबरच आहे," आम्ही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण फादर, त्या पाच मुलांचेपण वाईट वाटते." आम्हांला याहून अधिक काही सांगायचे नव्हते. पालकांना विनंती एवढीच, की मूल खलनायकाची बाजू घेऊ लागले तर पुस्तक हिसकावून घेऊ नये. शेजारी बसून, मागची आणि पुढची, दोन्ही पाने त्याच्याबरोबर वाचावीत.