‘आउटसोर्स्ड’: गोष्ट टॉडची, काम आशाचं

जॉन जेफकोट यांच्या २००६ च्या ‘आउटसोर्स्ड’ सिनेमात सिएटलचा टॉड भारतातल्या कॉल सेंटरवर साहेब म्हणून येतो. प्रत्येक कॉल सरासरी सहा मिनिटांत संपला पाहिजे, हे उद्दिष्ट. मग काय, उच्चार अमेरिकी करा, शिकागोतून बोलतोय असं सांगा. (उच्चार कसला, आमच्या मालवणीचा हेल मुंबईत तीस वर्षं काढून जात नाही!) आकडा हलत नाही. शेवटी तो टीमलाच विचारतो, तुम्हाला काय हवं? आपले नेहमीचे कपडे, टेबलावर घरच्यांचे फोटो, कॅटलॉगमधल्या वस्तूंचं बक्षीस. आकडा खाली येतो.

ही सिनेमातली सगळ्यात खरी जागा. इन्सुलीतून पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांना ती लगेच पटेल.

पण पुढे सिनेमा कच खातो. आयेशा धारकरची आशा टॉडला इथलं सगळं समजावून देते, आणि कॅमेरा मोजतो टॉड किती बदलला ते. शेवटी काम चीनला हलतं. तो निर्णय सिएटलमध्ये होतो. ज्यांनी सहा मिनिटं गाठून दिली, त्यांना कोणी विचारत नाही. दिग्दर्शकाने इथे चिडायला हवं होतं. तो प्रेमकथेत रमतो.