जनादेश की निवडणूक पद्धतीचा परिणाम? जपानची २००५ ची निवडणूक

टपाल सेवेच्या खाजगीकरणाची विधेयके वरिष्ठ सभागृहाने फेटाळताच पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले. ११ सप्टेंबर २००५ रोजी त्यांच्या सत्ताधारी आघाडीने ४८० पैकी ३२७ जागा जिंकल्या. या विजयास खाजगीकरणाचा निर्विवाद जनादेश मानणे मात्र चिकित्सेवर टिकत नाही. एकसदस्यीय मतदारसंघांत कोइझुमींच्या पक्षास सुमारे ४८ टक्के मते, परंतु ३०० पैकी २१९ जागा मिळाल्या. २००९ मध्ये विरोधी पक्षाने अशाच मतदारसंघांत सुमारे ४७ टक्के मतांवर २२१ जागा मिळविल्या. पद्धती तीच राहिली, लाभार्थी बदलला. तात्पर्य, जागांचे बहुमत शासन करण्याचा अधिकार देते. विशिष्ट धोरणास लोकसंमती असल्याचा तो पुरावा ठरत नाही. हा भेद अभ्यासकांनी सांभाळणे आवश्यक आहे.