पॉइंटावरचे रान

दिवाळी अंक हाती आला की त्यात एक कथा भुताची, एक पान फराळाचे आणि एक लेख रानावनाचा असणार, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. पहिल्या दोहोंविषयी माझी तक्रार नाही. भूत पाहिलेले नसले तरी कथा चालते, आणि चकली बिघडली तर दोष भाजणीला देता येतो. रानाच्या लेखाचे मात्र तसे नाही. रान सर्वांनी पाहिलेले असते, निदान एस. टी.च्या खिडकीतून तरी. असे असून लेख वाचून संपतो तेव्हा आपण कोणत्या झाडाखाली उभे होतो ते सांगता येत नाही. 'गर्द झाडी' असते, 'हिरवीगार वनश्री' असते, वाऱ्याने डोलणाऱ्या 'वृक्षवेली' असतात. झाडी गर्द खरी, पण कशाची?

या आळसाचे मूळ मला लेखकाच्या उभे राहण्याच्या जागेत दिसते. आमच्या सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर घ्या. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज अधिकारी डोंगर चढून वर आला आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणे करून, तेथे थंड हवेचे ठाणे वसवले. माल्कमपेठ हे नाव त्याचीच खूण. इंग्रजांनी तेथे बंगले बांधले, गाडीरस्ते केले आणि डोंगराच्या कडांना नावे दिली : लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट, आर्थर सीट. आजही आपण महाबळेश्वरी जातो ते पॉइंट पाहायला. आता पॉइंट म्हणजे काय? जेथे रान संपते आणि दरी सुरू होते ती जागा. तेथे कठड्याला टेकून पुढे पाहायचे तर पाठ रानाकडे करावी लागते! जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा, पिसा ही सगळी मंडळी मागे उभी राहतात आणि आपण धुक्याचे कौतुक करतो. आमचे बरेचसे वनवर्णन असे पॉइंटावरून लिहिलेले आहे.

याचा सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारणे बरे नव्हे. त्यांच्या आधीही आपण रानात शिरत होतो, पण बहुधा पलीकडे पोचण्यासाठी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाचे क्षेत्र महाबळेश्वर शतकानुशतके तीर्थ आहे. यात्रेकरूला देऊळ गाठायचे असते, वाटेतले रान ही त्याची अडचण असते. पुराणकथांतला वनवास तर शिक्षाच. वनात राम जातो, पांडव जातात, आणि आपले मन चौदा वर्षे किंवा बारा वर्षे कधी सरतील याकडे लागलेले असते. तीर्थ, वनवास आणि पॉइंट या तिन्ही वाटांनी आपण रानात जात आलो. रान हे रान म्हणून पाहायचे, तेथे कोणाचे घर आहे, पोट आहे, असे समजून पाहायचे, ही सवय आपल्या गद्याला उशिरा लागली.

मध्यंतरी इंग्रजी कविता आली. केशवसुतांच्या पिढीने ती वाचून निसर्गाकडे नव्याने पाहिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण कवितेबरोबर पाठ्यपुस्तकांतून इंग्रजी रानाचे ऋतूही आले आणि ते आमच्या वहीत अजून मुक्कामाला आहेत. मी शाळेत मराठी शिकवतो. 'पानगळ' म्हटले की मुले पिवळ्या-तांबड्या पानांचे चित्र काढतात, आणि त्या चित्रामागे बर्फ असतो. इंग्लंडातले रुंद पानांचे रान, म्हणजे ओक, बीच, ॲश यांचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने टाकते, कारण पुढे थंडी आणि अंधार येणार असतो. आमच्या पानझडी रानाला भीती थंडीची नाही, कोरडेपणाची. ते माघ-फाल्गुनात पाने टाकून पाणी राखते. मग ऊन सर्वांत कडक असताना कुसुंबाला लालबुंद पालवी फुटते, आणि पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण अंगावर फुले मिरवतात. महाबळेश्वरचे जांभूळ तर बाराही महिने हिरवे. इंग्लंडच्या रानात ब्लूबेल नावाची निळी फुले एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पसरतात. वर ओकची पाने दाटून उजेड बंद होण्याआधी त्यांना आपला संसार उरकायचा असतो. आमच्या सड्यावरची आणि रानातली रानफुले उजेडाची वाट पाहत नाहीत, पावसाची पाहतात. उजेडासाठी धावणारे रान आणि पाण्यासाठी थांबणारे रान यांचे स्वभाव वेगळे, म्हणून त्यांचे गद्यही वेगळे असायला हवे.

मग इंग्रजी रानाकडून आपण घ्यावे काय? माझ्या मते त्याची फुले घेऊ नयेत, त्याची एक कादंबरी घ्यावी. टॉमस हार्डीची 'द वुडलँडर्स' १८८७ साली प्रसिद्ध झाली. डॉर्सेटकडच्या एका आडबाजूच्या रानातल्या माणसांची ही गोष्ट. तिच्या आरंभी मार्टी साउथ ही गरीब पोर आजारी बापाचे काम स्वतः अंगावर घेऊन रात्री जागत बसलेली आहे. गवताने शाकारलेल्या छपरात खोवायच्या टोकदार काड्या ती तासते आहे. रान येथे देखावा म्हणून येत नाही, मजुरी म्हणून येते. मार्टीच्या म्हाताऱ्या बापाला घरासमोरच्या उंच एल्मची धास्ती बसली आहे. तो आपल्यावर कोसळणार असे त्याला वाटते. डॉक्टर झाड तोडायला सांगतो. सकाळी खिडकीत झाड दिसत नाही आणि त्या धक्क्याने म्हातारा जातो. जाइल्स विंटरबोर्नच्या घरांचा पट्टा त्या म्हाताऱ्याच्या हयातीपुरताच असतो, तेव्हा जाइल्स बेघर होतो आणि त्याचे लग्नही मोडते. एक झाड पडते आणि तीन-चार आयुष्यांची दिशा बदलते. ज्या लेखकाने रान पॉइंटावरून पाहिले असेल त्याला हे कथानक सुचणारच नाही.

त्याच कादंबरीतली आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून लागते. लाकडाच्या व्यापाऱ्याची मुलगी ग्रेस मेलबरी शहरात शिकून गावी परतते. वाटेत जाइल्स तिला सफरचंदांच्या बागा दाखवतो, आणि एके काळी ज्या जाती ती नजरेने ओळखत होती त्यांची तिची गल्लत होते. जाइल्सच्या ध्यानात येते, की ही आता आपली राहिली नाही. हार्डी तिला दोष देत नाही, बापालाही देत नाही. शिक्षणाची किंमत कशात चुकवली गेली, तेवढे तो दाखवून पुढे जातो. आमच्या जावळीत, पाटणात, शिराळ्यात ही ग्रेस आज घरोघर आहे. तिची आजी कारवी, ऐन, किंजळ अशी नावे सहज घेते. नात हुशार आहे, तिला ती झाडे 'जंगल' दिसतात.

आणि सामग्री आमच्याकडे कमी नाही. इंग्लंडात हेझलचा बुंधा जमिनीलगत तोडतात. त्याला धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी त्या काठ्या पुन्हा तोडतात. मार्टीच्या हातातली काडी तिथली. आमच्याकडे कारवीच्या काठ्यांचा कूड घालून, वर शेणमातीचा लेप देऊन भिंत उभी राहत आली. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी सगळ्या डोंगरभर फुलते आणि मग मरते. नाचणी-भाताच्या रोपांसाठी फांद्या तोडून जमिनीवर राब भाजायचा, हाही रानाशी असलेला एक जुना, थोडा भांडणाचा, व्यवहार. कूड आणि राब या दोन शब्दांत कादंबरीचे बी आहे.

आमच्या लेखकांनी काय केले, ते आता पाहू. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्यांनी पहिली मोठी गोष्ट केली ती ही, की वर्ष चैत्रापासून मोजले. उसने ऋतू बाजूला सारून बारा मराठी महिन्यांतून झाडे पाहिली, आणि झाडाचा रंग सांगताना ते झाड कोणते हेही सांगितले. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध ठाम बोलणाऱ्या बाईंची नजर फुलाकडे पाहतानाही तितकीच स्वतंत्र होती. मात्र 'ऋतुचक्र' हे पाहणाऱ्याचे पुस्तक आहे. रानात राबणारा हात त्यात शोधू नये.

व्यंकटेश माडगूळकर आमच्या सांगली जिल्ह्याचे, आटपाडीजवळच्या माडगूळचे. दुष्काळी माणदेशातल्या या माणसाने मराठीला रानात कसे बसावे ते शिकवले, ही गंमतच. 'नागझिरा'त ते विदर्भातल्या रानात जाऊन राहतात आणि घडते ते लिहितात. बहुधा काही मोठे घडत नाही, आणि तेच त्या पुस्तकाचे बळ. 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतला सत्तेचा झगडा त्यात आहे, आणि वानरांना माणसांचे मुखवटे न चढवता तो सांगितला आहे. याच लेखकाची १९५५ ची 'बनगरवाडी' मात्र माणसांनी भरलेली आहे. तेथे माळ आहे, मेंढरे आहेत, दुष्काळ आहे, रान नाही. म्हणजे एकाच लेखकाकडे एका हाताला झाडांवाचूनची माणसे आणि दुसऱ्या हाताला माणसांवाचूनचे रान. दोन्ही हात एकत्र आले असते तर जे झाले असते, त्याची मला वाचक म्हणून हुरहूर आहे.

गो. नी. दांडेकरांनी ते दोन्ही हात जुळवले असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. 'माचीवरला बुधा'मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या झाडापाखरांत परततो. 'जैत रे जैत'मधला नाग्या ठाकर डोंगरावरच्या मधमाशीशी वैर धरतो. दोन्ही पुस्तके मला प्रिय आहेत. पण बुधाला रान विसावा आहे आणि नाग्याला ते देव व वैरी आहे. पट्टा, मजुरी, लाकडाचा भाव, कोणाच्या मालकीचे झाड कोणी तोडायचे, हे हार्डीचे प्रश्न तेथे गौण राहतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी केलेले. २०२५ साली ते गेले, तोवर रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करून ते मराठीच्या पदरात घालत होते. शब्दांचे धान्य त्यांनी भरून ठेवले आहे. भाकरी कोणी भाजायची, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर सणाच्या दिवसांत मी तो काढला नसता. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ही राने जागतिक वारशाच्या यादीत गेली. रान राखले गेले, हे भल्याचेच झाले. पण जी माणसे त्यातून उठून सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेली, ती आपल्याबरोबर झाडांची नावे घेऊन गेली. आणि नव्या गावी ज्याला दाखवून नाव घ्यावे ते झाडच नव्हते. नाव असे मरते. आज रानाचे लेख त्या जंगलाला 'मनुष्यस्पर्शविरहित' म्हणतात. तेथे पडक्या जोत्यांवर झाडे उगवली आहेत, हे त्या लेखांच्या गावीही नसते. पॉइंटावरून जोते दिसत नाही.

उलट दिशेची गोष्टही आमच्याच जिल्ह्यात आहे. सागरेश्वरचे डोंगर उजाड होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी तेथे झाडे लावली, जगवली; १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरांचे हे माणसाने केलेले रान. 'वुडलँडर्स'मध्ये जाइल्स आणि मार्टी रोपे लावतात, तेव्हा तो बोटांनी मुळे हलकेच पसरतो आणि ती रोप सरळ धरते. इंग्रजी कादंबरीतले ते माझे सर्वांत आवडते पान आहे. सागरेश्वरी असे कित्येक हात राबले असतील. त्यांच्यावर आपण गौरवपर लेख लिहिले, पण गौरवात माणूस दिसत नाही. तो कादंबरीत दिसतो. कोणाचे पाणी कोणी वाहिले, कोणाची शेळी कोणत्या रोपावर पडली, त्यावरून घरात काय बोलणे झाले, हे सगळे अजून लिहिण्याजोगे आहे.

सुट्टीत पुष्कळ मंडळी महाबळेश्वरला जातील. पॉइंट जरूर पाहावा. दरी सुंदर आहे आणि पोरांना मका हवाच असतो. परतताना मात्र गाडीपाशी येईपर्यंत वाटेतल्या एखाद्या स्थानिक म्हाताऱ्याला तीन झाडांची नावे विचारावीत आणि ती पोरांकडून वदवून घ्यावीत. बुटके, काळसर, चकचकीत पानांचे झाड दिसले तर ती बहुधा अंजनी असेल. तिची निळी फुले आता नाहीत. ती पाहायला उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा यावे लागेल.