नजर कोठे जाईल, हे संगणकाला कळते का?

प्रभादेवी स्थानकाच्या फलाटावर उभे राहून, न थांबता जाणारी जलद लोकल पाहा. नजर समोर स्थिर ठेवली तर डब्यांचा नुसता पट्टा सरकताना दिसतो. पण दारातल्या एखाद्या प्रवाशाबरोबर नजर फिरवली, तर क्षणभर त्याच्या सदऱ्याच्या चौकडीही दिसतात. गाडीचा वेग तोच असतो. पण नजर प्रवाशाबरोबर फिरली की दृष्टिपटलावरची त्याची प्रतिमा जवळजवळ स्थिर राहते.

या अनुभवाशी निगडित असलेल्या एका संशोधनाचा येथे विचार करायचा आहे. हेक्टर यी, सुमंत पटनायक व डोनाल्ड ग्रीनबर्ग यांचा तो निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जाण्यापूर्वी पटनायक मुंबईतच, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) एस. पी. मुदूर यांच्याबरोबर संगणकचित्रांतील प्रकाशाच्या गणितावर काम करीत होते.

प्रश्न आकडेमोडीच्या खर्चाचा होता. खोलीचे खरे वाटणारे चित्र संगणकाने काढायचे, तर दिव्याचा प्रकाश भिंतीवरून छताला, छतावरून टेबलाला असा कसकसा परावर्तित होतो ते मोजावे लागते. लाल सतरंजीमुळे पांढऱ्या भिंतीवर येणारी किंचित लाली या हिशेबातूनच उमटते. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १४४०. प्रत्येकाच्या कानाकोपऱ्यात सारखाच काटेकोर हिशेब कशाला? पाहणाऱ्याला एका वेळी फार थोडे स्पष्ट दिसते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा, साधारण तेवढेच.

वेगाने हलणाऱ्या वस्तूचे बारकावे दिसत नाहीत, तेव्हा तेथे ढोबळ हिशेब चालेल असे प्रथम वाटते. पण लोकलचा अनुभव आडवा येतो. नजर त्या वस्तूमागे गेली की चूक उघडी पडते. म्हणून नजर कशामागे जाईल हे आधी ओळखायला हवे. त्यासाठी लेखकांनी इटी, कॉख व नीबर यांच्या १९९८ च्या प्रारूपाचा आधार घेतला. रंग, उजळपणा व रेषांची दिशा यांत आजूबाजूपेक्षा वेगळे काय आहे, ते शोधून हे प्रारूप चित्राचा 'ठळकपणाचा नकाशा' काढते. त्यात त्यांनी गतीची भर घातली आणि कोठे किती चूक खपेल हे सांगणारा 'आलेफ नकाशा' तयार केला. आकडेमोडीचा वेग सुमारे दहापट वाढल्याचे ते नोंदवतात. अवधानासारखी मनाची बाब प्रकाशाच्या गणिताला जोडणे, ही गोष्ट आम्हांस या वेगाहूनही मोलाची वाटते.

आमचा मतभेद पुढे सुरू होतो. हे प्रारूप चित्राकडे पाहते, पाहणाऱ्याकडे नाही. रवींद्र नाट्य मंदिरात बालनाट्य चालू आहे असे समजा. प्रकाशझोत राजपुत्रावर, झगमगता पोशाखही त्याचाच. नकाशा तेथेच बोट ठेवील. पण चौथ्या रांगेतल्या आईची नजर असते मागच्या अंधारात झाड होऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलीवर. त्या झाडाची पाने ढोबळ काढून कसे चालेल?

ही निव्वळ कल्पना नव्हे. रेपिन या चित्रकाराचे एकच चित्र दाखवून 'यातील माणसांची वये सांगा', 'घरची सांपत्तिक स्थिती सांगा' असे निरनिराळे प्रश्न केले, की नजरेचा मार्गच बदलतो, हे आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच दाखवले होते. ब्रिस्टल विद्यापीठात केटर, चामर्स व लेडा यांनी २००२ साली याचाच उपयोग करून घेतला. संगणकाने रंगवलेल्या खोल्यांतून फिरताना मगांतील पेन्सिली मोजायला सांगितल्यावर, बाकीचे चित्र ओबडधोबड असल्याचे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही.

करमणुकीच्या चित्रपटात अशी फसगत झाली तर बिघडत नाही. वर्गात बिघडते. परावर्तनाच्या पाठासाठी वरच्याच खोलीचे चलच्चित्र दाखवले आणि शिक्षकांनी विचारले, 'सतरंजीची लाली भिंतीवर कोठवर पोचते?' ठळकपणाच्या नकाशात ती फिकट भिंत जवळजवळ कोरीच असणार. म्हणजे काटकसर नेमकी तेथे झालेली, आणि विद्यार्थी ती चूकच निरीक्षण म्हणून वहीत लिहिणार. प्रश्न आधीच ठरलेला असेल, तर ब्रिस्टलच्या मार्गाने संगणकाला तो सांगता येईल. पण चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकांनी न विचारलेल्या ठिकाणी पाहणारे एखादे पोर असतेच, आणि पुष्कळदा चांगला प्रश्न त्याचाच असतो.